बॅटरीवरचा पोल सॉ घेताय? या चुका टाळा

आंबा उतरला की वाडीत छाटणीच्या गोष्टी सुरू होतात, आणि काठीला कोयता बांधून मान मोडून घेण्यापेक्षा बॅटरीवरचा पोल सॉ (लांब दांड्याच्या टोकाला साखळीची करवत) बरा, असं कुणीतरी म्हणतंच. बरा आहेच. पण माझा पहिला मी खोक्यावरचे आकडे वाचून घेतला आणि तिथेच फसलो.

खोक्यावर होतं, पोहोच १४ फूट. घरी टेप लावली तर दांडा जेमतेम ८ फूट. उरलेले ६ फूट म्हणजे हात वर करून उभा असलेला मी! पोहोच सांगताना माणसाची उंची सर्रास धरतात, म्हणून दांडाच मोजा. शिवाय तो जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा धरायचा नाही, नाहीतर कापलेली फांदी थेट डोक्यावर. तिरका धरला की पोहोच आणखी घटली.

व्होल्टचाही असाच खेळ. १८, २० आणि २१ व्होल्ट ही बहुतेक वेळा एकच बॅटरी असते. आत ५ सेल ओळीने जोडलेले, एकेक ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. स्वस्तातल्या मशीनवर ‘८८ व्हीएफ’ असलं काहीबाही छापतात, तिकडे बघूच नका. १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर, म्हणजेच बॅटरीत मावणारी ऊर्जा. तुलना या आकड्याची करा.

मी मात्र आता आधी वजन बघतो. पातं टोकाला, बहुतेकांत मोटरही तिथेच. ४ किलोचं मशीन दांडा पूर्ण उघडून वर धरलं की पाच मिनिटांत खांदे भरून येतात आणि पातं डुलायला लागतं. दुकानातच बॅटरी लावून, दांडा उघडून, दोन मिनिटं वर धरून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

घेतल्यावरची नेहमीची तक्रार: ‘कापत नाही, नुसता धूर येतो.’ निम्म्या वेळा साखळी उलटी बसवलेली असते. पात्याच्या वरच्या कडेला दातांची धार टोकाकडे हवी. साखळी सुलटी आहे, तरी भुशाऐवजी पिठासारखी पूड पडतेय? मग धार गेलीय. तेलाची टाकीही बघा. साखळीचं तेल संपलं तरी मशीन चालत राहतं आणि पातं तापून निळं पडतं. मशीन मध्येच बंद पडलं तर बहुधा जोर जास्त झालाय किंवा बॅटरी तापलीय. सावलीत निवू द्या, तापलेली चार्जला लावू नका.

सर्वांत महाग चूक म्हणजे जड फांदी खोडालगत वरून एका दमात कापणं. फांदी अर्धी कापली जाते, वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली येते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडी खाच घ्या, मग तिच्या जरा बाहेरून वरून कापा, आणि उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून. जखमेवर बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर मशीन खाली ठेवा. बहुतेक दांडे अॅल्युमिनियमचे असतात आणि ओल्या फांदीतूनही वीज येते. महावितरणला सांगून लाइन बंद झाल्याशिवाय हात लावू नका.