एकाच अल्बमची अनेक प्रेसिंग्ज: ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम ओळखावा कसा आणि ताडून पाहावा कसा

एकाच अल्बमच्या दोन तबकड्यांचे कव्हर सारखे असते, गाणी सारखी असतात, तरीही एकीत ड्रमचा ठोका छातीवर बसतो आणि दुसरीत तो पुठ्ठ्यावर मारल्यासारखा वाटतो. यामागचे कारण तबकडी कशी तयार होते यात आहे. मास्टर टेपवरून एक तंत्रज्ञ लॅकरच्या चकतीवर खाचा कोरतो. त्या चकतीपासून धातूचा उलटा ठसा, त्यावरून ‘मदर’ आणि मदरवरून प्रत्यक्ष छापणारा ‘स्टॅम्पर’ तयार होतो. टेप मूळ होती की नकलेची नक्कल, कोरणाऱ्याने खालचे स्वर किती राखले आणि स्टॅम्पर ताजा होता की झिजलेला, या सगळ्याचा परिणाम सुईपर्यंत पोहोचतो. त्यामुळे प्रेसिंग्ज, म्हणजे एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या छपाया, जमवण्याचे काम हे प्रामुख्याने या साखळीचा माग काढण्याचे काम आहे. केवळ जुनी किंवा महागडी प्रत मिळवल्याने ते पूर्ण होत नाही.

सुरुवात एकाच अल्बमपासून करावी आणि तो तोंडपाठ असलेला निवडावा. या लेखासाठी मी ब्लॅक सॅबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम घेतो आहे, कारण त्याचा इतिहास स्पष्ट आहे आणि त्याच्या आवृत्त्यांमध्ये ऐकण्याजोगा फरक आहे. रॉजर बेन यांच्या निर्मितीखाली ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत तो जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, ब्रिटनमध्ये व्हर्टिगो लेबलवर प्रसिद्ध झाला. अमेरिकेत तो त्याच वर्षी काही महिन्यांनी वॉर्नर ब्रदर्सने काढला. या दोन मुळांपासून पुढच्या जवळपास सगळ्या शाखा फुटल्या आहेत.

ब्रिटिश मूळ प्रतीचा क्रमांक व्हीओ ६ असा आहे. तिच्या लेबलवर, म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटलेल्या गोल कागदावर, काळ्या-पांढऱ्या वलयांचा भोवरा आहे. पहिल्या बाजूचे संपूर्ण लेबल या भोवऱ्याने व्यापलेले असते आणि दोन्ही बाजूंच्या गाण्यांची नावे दुसऱ्या बाजूवर दिलेली असतात. तबकडी फिरू लागली की ही वलये डोळ्यांना आत ओढून घेतात, आणि ते दृश्य पाहण्यासाठीच कित्येक संग्राहक ही प्रत शोधत असतात. पुढे १९७३ मध्ये व्हर्टिगोने रॉजर डीन यांनी रेखाटलेल्या अंतराळयानाचे लेबल आणले. सॅबाथचे सुरुवातीचे अल्बम त्यानंतर ब्रिटनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूए आणि मग नेम्स या लेबलांवर पुन्हा निघाले. त्यामुळे लेबल पाहूनही काळाचा ढोबळ अंदाज येतो.

अमेरिकन प्रतीचा क्रमांक डब्ल्यूएस १८७१. सुरुवातीच्या प्रती वॉर्नरच्या हिरव्या लेबलवर आहेत, १९७३ च्या सुमारास ताडाच्या झाडांच्या रस्त्याचे चित्र असलेले लेबल आले आणि दशकाच्या अखेरीस फिकट पिवळसर लेबल सुरू झाले. या प्रतीत केवळ आवाज नव्हे, गाणीही बदलली आहेत: ब्रिटिश प्रतीतले ‘ईव्हिल वुमन’ येथे नाही, त्याऐवजी ‘विकेड वर्ल्ड’ आहे. शिवाय ‘वास्प’, ‘बेसिकली’ अशी नावे लेबलवर दिसतात. ती स्वतंत्र गाणी नाहीत, गाण्यांच्या प्रास्ताविक वाद्यतुकड्यांना दिलेली नावे आहेत. आपल्याला दुसरीच काही दुर्मीळ आवृत्ती सापडली, असा समज नवख्या संग्राहकाने करून घेऊ नये.

एवढे सांगूनही माझा आग्रह असा आहे की लेबल आणि कव्हर यांवर थांबू नये. कव्हर अदलाबदल होते, वर्षानुवर्षे घरात पडलेल्या दोन प्रतींची सरमिसळ होते, आणि जुने उरलेले लेबल किंवा कव्हर नव्या छपाईसाठी वापरले गेल्याचीही शक्यता असते. तबकडीची खरी ओळख शेवटचे गाणे संपल्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत मोकळी पट्टी असते, तिच्यात कोरलेली असते. संग्राहक तिला ‘डेडवॅक्स’ किंवा ‘रनआउट’ म्हणतात. मी एकदा छायाचित्रातले पहिल्या आवृत्तीचे कव्हर पाहून तबकडी मागवली. आत निघाली ती बऱ्याच नंतरची छपाई. विक्रेत्याने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही, कारण त्याला विचारण्याचा प्रश्न मीच विचारला नव्हता. तेव्हापासून रनआउटचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र मिळाल्याशिवाय मी पैसे देत नाही.

रनआउट वाचण्याची एक पद्धत आहे. खोलीतला मुख्य दिवा बंद करावा, तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरावी आणि मोबाइलचा टॉर्च अगदी खालून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकावा. समोरून पाहिल्यास काहीच न दिसणाऱ्या जागी अक्षरांच्या कडा चमकू लागतात. तबकडी सावकाश फिरवत जे दिसेल ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. एक आणि सात यांत गोंधळ होतो, म्हणून दुसऱ्यांदा उलट दिशेने फिरवून पडताळावे. अक्षरे यंत्राने ठोकलेली आहेत की हाताने खरवडलेली, हेही लिहून ठेवावे, कारण दोन प्रतींचे आकडे जुळूनही लिखाणाची पद्धत वेगळी असेल तर त्या वेगळ्या कोरणीच्या असू शकतात.

व्हर्टिगो हे फिलिप्स समूहाचे लेबल होते. या समूहाच्या त्या काळच्या ब्रिटिश तबकड्यांवर अल्बमच्या क्रमांकानंतर बाजू दर्शवणारे १वाय किंवा २वाय येते, मग दोन तिरप्या रेघा आणि त्यांच्यापुढे कोरणीचा क्रमांक. //१ म्हणजे पहिली कोरणी, //२ म्हणजे नंतर पुन्हा केलेली. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे असणे अगदी स्वाभाविक आहे, कारण एक बाजू आधी झिजून बदलली गेलेली असते. इतर अल्बमांवर कोरणाऱ्याची सही सापडते: आरएल म्हणजे बॉब लुडविग, आणि जॉर्ज पेकहॅम यांनी कोरलेल्या तबकड्यांवर ‘पोर्की प्राइम कट’ असे लिहिलेले असते. अशा सहीवरून तबकडी कोणाच्या हातून गेली हे निःसंशय कळते, आणि ही माहिती मला कव्हरवरच्या कोणत्याही स्टिकरपेक्षा मोलाची वाटते. उतरवलेला मजकूर डिस्कॉग्ससारख्या ऑनलाइन सूचीतल्या नोंदींशी ताडून पाहावा, मात्र तिथल्या नोंदी संग्राहकांनीच भरलेल्या असतात हे ध्यानात ठेवून एखादे अक्षर जुळत नसल्यास आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

वजनाविषयी थोडक्यात सांगतो. १८० ग्रॅमची तबकडी हाताला भारदस्त वाटते आणि कमी वाकते, पण खाचेची खोली किंवा टेपचा दर्जा वजनाने बदलत नाही. सत्तरच्या दशकातली हलकी तबकडीही मूळ टेपवरून कोरलेली असेल तर ती जाड पुनर्मुद्रणापेक्षा सरस वाजू शकते.

बाजूची लांबी मात्र हेवी मेटलमध्ये फार महत्त्वाची आहे. खालचे स्वर आणि मोठा आवाज यांना रुंद खाचा लागतात. बाजू लांब असेल तर कोरणाऱ्याला आवाज तरी कमी करावा लागतो किंवा खालचे स्वर तरी आवरावे लागतात. मेटॅलिकाचा १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ सुमारे ५५ मिनिटांचा आहे आणि एका तबकडीवर बसवताना प्रत्येक बाजूवर सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटे येतात. म्हणूनच त्याच्या ब्रिटिश प्रकाशकाने, म्युझिक फॉर नेशन्सने, तो दोन तबकड्यांवर मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगानेही काढला. सॅबाथचा पहिला अल्बम अडतीस मिनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे ही अडचण तिथे सौम्य आहे, आणि दोन प्रेसिंग्जमधला फरक लांबीचा नसून कोरणीचा व टेपचा आहे असे अधिक खात्रीने म्हणता येते.

प्रती हाती आल्यावर तुलनेची घाई करू नये. आधी सगळ्या प्रती एकाच पद्धतीने धुवाव्यात. मळलेली मूळ प्रत आणि स्वच्छ पुनर्मुद्रण यांची तुलना म्हणजे धुळीची परीक्षा होते. ऊर्ध्वपातित पाणी, तबकड्यांसाठीचे सौम्य द्रावण आणि ओलावा शोषून घेणारे यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुऊन उभ्या ठेवून पूर्ण वाळवाव्यात. लेबल ओले होऊ देऊ नये. वाळल्यावर तबकडी जुन्या कागदी आवरणात परत न घालता नव्या अँटिस्टॅटिक आवरणात ठेवावी, आणि जुने आवरण छापील असेल तर ते वेगळे जपावे.

त्यानंतर कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), सुईचा दाब आणि टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) उंची एकदा नीट जुळवून तुलना संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीत होते. दोन नमुन्यांपैकी किंचित मोठा वाजणारा नमुना आपल्याला अधिक चांगला वाटतो, अर्ध्या डेसिबलचा फरकही पुरेसा होतो, आणि आपण त्याला ‘जिवंतपणा’ असे नाव देऊन मोकळे होतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक प्रतीतला तोच भाग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर संगणकात उतरवावा, ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरी पातळी मोजून समान करावी, आणि वीस-तीस सेकंदांचे तुकडे नाव न पाहता ऐकावेत. कोणी दुसऱ्याने क्रम बदलून वाजवले तर फारच चांगले. एक सावधगिरी बाळगावी: अशा ध्वनिमुद्रणावर डायनॅमिक रेंज (मोठ्या आणि लहान आवाजातले अंतर) मोजणारे साधन चालवून सीडीशी तुलना करू नये. तबकडी कोरताना आणि वाजताना ध्वनिलहरींचा आकार बदलतो, त्यामुळे हे अंतर कमी करून दाबलेले तेच मास्टर व्हायनलवर मोजले तरी आकडा मोठा येतो, आणि त्या आकड्याचा कानाशी संबंध नसतो.

कोणते तुकडे निवडावेत, हे अल्बमच सुचवतो. पहिल्या गाण्याच्या आरंभी पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा आहे. तबकडीची चरचर येथे तपासावी असे वाटते, पण पावसाच्या आवाजात चरचर बेमालूम मिसळते. दोन मध्यम प्रती येथे निर्दोष भासतात. ती परीक्षा गाण्यांमधल्या शांत जागी घ्यावी. घंटेचा उपयोग वेगळाच आहे. तिचा नाद विरत जाताना सूर हलकेच वरखाली झाला तर मधले छिद्र केंद्रापासून सरकलेले आहे, आणि ही हालचाल ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने साधारण १.८ सेकंदांनी एकदा येते. त्याच लयीत टक्-टक् ऐकू आली तर ती ओरखड्याची खूण आहे. लय नसलेली सळसळ बहुधा मळाची किंवा छपाईची असते.

‘द विझार्ड’मधला माउथ ऑर्गन मधल्या पट्टीची कसोटी पाहतो: चांगल्या प्रतीत फुंकरीचा खरखरीतपणा ऐकू येतो, वाईट प्रतीत तो नुसता टोचतो. पण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा ‘एन.आय.बी.’च्या तोंडाशी असलेल्या गीझर बटलर यांच्या एकट्या बास गिटारची आहे. ती पहिल्या बाजूच्या अखेरीस, लेबलच्या दिशेने येते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर वेगाने जाते, तर आतल्या टोकाला हा वेग २१ सेंटीमीटरच्या आसपास उतरतो, म्हणून त्याच आवाजाला तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते. चांगल्या प्रतीत बोट तारेवरून सुटल्याचा क्षण आणि त्यामागून येणारा गुरगुराट वेगळे ऐकू येतात. झिजलेल्या प्रतीत दोन्ही मिळून एक घोगरा गोळा होतो आणि त्यानंतर टोनी आयोमी यांची गिटार आत शिरली की कडा फाटल्यासारख्या वाटतात. दुसऱ्या बाजूच्या शेवटी असलेले ‘वॉर्निंग’ दहा मिनिटांहून लांब आहे. त्यातली गिटार हीच गोष्ट अधिक वेळ तपासू देते.

हा दोष प्रेसिंगचा की आधीच्या मालकाच्या बोथट सुईचा, हे एका प्रतीवरून ठरवता येत नाही. त्याच रनआउटची दुसरी प्रत मिळवून तिथेच तसाच आवाज येतो का ते पाहावे. आला तर कोरणी किंवा स्टॅम्पर दोषी, नाही आला तर झीज. म्हणून कोणत्याही आवृत्तीबद्दल ठाम मत देण्यापूर्वी किमान दोन प्रती ऐकाव्यात, असा नियम मी पाळतो, आणि विक्रेत्यांच्या ‘व्हीजी प्लस’ किंवा ‘निअर मिंट’ या श्रेणी केवळ डोळ्यांनी पाहून दिलेल्या असतात हे गृहीत धरतो.

प्रत्येक प्रतीसोबत बाहेरच्या आवरणात एक जाड कागदाची चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर दोन्ही बाजूंचे रनआउट, लेबलचा प्रकार, धुतल्याची तारीख, कोणत्या सुईने ऐकले आणि ऐकलेले तुकडे कोणते, एवढे शाईऐवजी पेन्सिलने लिहावे. बाहेरचे आवरण पीव्हीसीचे नसून पॉलिप्रॉपिलीनचे असावे, कारण पीव्हीसी तबकडीला दीर्घकाळ चिकटून राहिले तर पृष्ठभागावर धुरकट थर येतो आणि तो धुऊनही जात नाही. माझ्या हिरव्या लेबलच्या अमेरिकन प्रतीच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ अशी आहे: ‘बाजू १, अखेरची बास स्वच्छ, घंटा किंचित हलते, दुसरी प्रत ऐकायची बाकी.’