हिवाळ्याची कामे आणि उन्हाळ्याचे नियोजन: घरच्या दोन एकरांत या चुका टाळा

मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या सोलापूरच्या पठारी भागात ज्यांच्याकडे एक विहीर, दोन एकर काळी जमीन, दोन गाई, चार-पाच शेळ्या आणि परसात दहा-बारा कोंबड्या एवढाच पसारा आहे, त्यांच्या बहुतेक अडचणी मे महिन्यात उघडकीस येतात. परंतु त्या ओढवून घेतलेल्या असतात डिसेंबर-जानेवारीत. या दिवसांत विहीर भरलेली असते, गव्हाला आणि हरभऱ्याला रंग चढलेला असतो, बांधावर हिरवा चारा असतो, आणि उन्हाळ्यात काय लावायचे याचे बेत अशा भरल्या घरात बसून केले जातात. या लेखातील बऱ्याच चुकांचे मूळ त्या एका गोष्टीत आहे.

जानेवारीच्या पाण्यावर मे महिन्याचा हिशेब

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे विहिरीत डोकावून "पाणी भरपूर आहे" असे म्हणणे. आज किती परस (पुरुषभर उंचीचे माप) पाणी उभे आहे यापेक्षा उपसा थांबवल्यावर ते पुन्हा किती वेळात चढते, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. मोटार चालू करून पाणी तुटेपर्यंतचा वेळ आणि पुन्हा पूर्वीच्या खुणेपर्यंत पाणी येण्याचा वेळ डिसेंबरपासून दर पंधरवड्याला वहीत टिपून ठेवल्यास विहीर कोणत्या गतीने उतरत आहे, याचा अंदाज फेब्रुवारीपूर्वीच बांधता येतो. मागील दोन-तीन उन्हाळ्यांच्या अशा नोंदी असतील तर फारच उत्तम, पण बहुतेक घरांत त्या नसतात.

यानंतरचा हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे १०० लिटर लागते. एप्रिल-मे महिन्यांतील कडक उन्हात वाढीला लागलेल्या पिकाची गरज दिवसाला ७ मिलिमीटर धरली, तर गुंठ्याला रोज ७०० लिटर आणि दहा गुंठ्यांना ७,००० लिटर पाणी हवे. आता मोटारीच्या पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवून तो किती सेकंदांत भरतो ते पाहावे. ४० सेकंदांत भरला तर मोटार तासाला १८,००० लिटर पाणी देते. मे महिन्यात हीच मोटार दिवसातून जेमतेम अर्धा तास चालणार असेल, तर हाती ९,००० लिटर येतील. पाटाने पाणी दिल्यास त्यातील निम्मे वाटेतच मुरते आणि सहा-साडेसहा गुंठ्यांपलीकडे पीक तग धरत नाही, तर ठिबकवर तेवढ्याच पाण्यात अकरा गुंठ्यांच्या आसपास भिजते. दुभत्या मोठ्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० लिटरच्या आसपास पिण्याचे पाणी लागते, हेही आधीच बाजूला काढून ठेवावे. एवढे गणित न करता अर्धा एकर उन्हाळी भुईमूग टाकणारे शेतकरी दरवर्षी दिसतात आणि ऐन आऱ्या (शेंगा धरणारे, जमिनीत उतरणारे देठ) धरण्याच्या वेळी टँकरची चौकशी करू लागतात.

पाणी कमी असल्याचे लक्षात आल्यावर क्षेत्र कमी करावे, हे खरे; परंतु पिकाचा कालावधी कमी करणे हा त्याहून शहाणपणाचा मार्ग आहे. भुईमुगाला चार महिने लागतात, म्हणजे तो मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पाणी मागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलेला मूग साठ-पासष्ट दिवसांत, मे उजाडण्याच्या सुमारास निघतो.

गव्हाला जास्त, हरभऱ्याला त्याहून जास्त

पाणी वाचवण्याची सुरुवात चालू रब्बीपासून होते. गव्हाला दर आठ दिवसांनी पाणी सोडण्याची सवय केवळ वीज आली म्हणून जडलेली असते. काळ्या जमिनीत पाणी मोजकेच असेल, तर तीन पाण्यांपैकी पहिले पेरणीनंतर २० ते २२ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, दुसरे ४० ते ४२ दिवसांनी कांडी धरताना आणि तिसरे ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्याच्या सुमारास द्यावे. दोनच पाणी शक्य असतील तर मधले सोडावे, आणि एकच शक्य असेल तर मात्र नेमके ते मधलेच द्यावे. हरभऱ्याची गोष्ट वेगळी आहे. भारी जमिनीत त्याला पाणी जास्त झाले की पीक उभळते, फांद्या माजतात, घाटे कमी लागतात, आणि पाणी साचलेल्या जागी मुळे कुजून झाडे वाळू लागतात. अशा वेळी कीड समजून फवारणी केली जाते. झाड उपटून पाहिल्यास मूळ तपकिरी किंवा काळे पडलेले दिसते. तसे असेल तर फवारणीचा खर्च वाया जाणार आहे, असे समजून पाणी बंद करावे.

थंडीत केलेली उन्हाळी पेरणी

संक्रांतीनंतर ऊन जाणवू लागते आणि भुईमूग, भेंडी, काकडी, दोडका यांची घाई सुरू होते. दिवसाचे ऊन फसवते, कारण बियाण्याला रात्रीची थंडी सोसायची असते. रात्रीचे तापमान १८ अंशांच्या खाली असताना टोकलेला भुईमूग उगवायला फार दिवस घेतो, आणि त्या काळात बुरशी लागून किंवा मुंग्या नेऊन निम्मे बी नाहीसे होते. उगवण विरळ झाली की दोष बियाण्याच्या दुकानदाराला दिला जातो. मराठवाड्यात मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी हा भुईमुगाचा काळ मानला जातो, पण त्या वर्षीची थंडी पाहून त्यातही आठवडाभर मागे-पुढे व्हायला हरकत नाही. भुईमुगाचे बी घरचे असेल तर शेंगा पेरणीच्या तोंडावर हाताने फोडाव्यात. महिनाभर आधी फोडून ठेवलेले दाणे उगवणीत मार खातात. वेलवर्गीय भाज्यांना लवकर बाजार गाठायचा असेल, तर माती-शेणखत भरलेल्या छोट्या पिशव्यांत बी लावून त्या घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगत ठेवाव्यात, म्हणजे भिंतीची ऊब रात्री काही प्रमाणात रोपांना मिळते.

याउलट कांद्याच्या बाबतीत उशीर नडतो. रब्बी कांद्याची लागवड जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापुढे गेली की गाठ पोसण्याचा काळ कडक उन्हात सापडतो आणि कांदा लहान राहतो. वाफ्यात जास्त दिवस थांबून जून झालेली रोपे लावल्यास डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, ते वेगळेच.

मेथी-कोथिंबिरीचा अख्खा वाफा एकाच दिवशी पेरू नये. दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस थांबावे. नंतरची कोथिंबीर पाने येण्याआधी तुऱ्यावर जाते.

गोठा: बंद केला म्हणजे उबदार झाला असे नाही

थंडी पडताच गोठ्याला चारही बाजूंनी गोणपाट बांधण्याची पद्धत आहे. वासरे आणि करडे यांना झोंबणारा वारा अडवला पाहिजे, यात वाद नाही. पण तो ज्या दिशेने येतो तेवढीच बाजू बंद करावी आणि छपराखालची हातभर जागा सर्व बाजूंनी मोकळी ठेवावी. पहाटे गोठ्यात जाऊन गोणपाट न हलवता जनावराच्या नाकाच्या उंचीपर्यंत वाकावे आणि दोन-चार श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले, तर मूत्राच्या वाफेने हवा खराब झाली आहे आणि खोकला, सर्दी व करडांचा न्यूमोनिया दाराशी आला आहे, असे समजावे. गोठ्यात शेकोटी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. धुराने फुप्फुसे आणखी बिघडतात आणि कडब्याला आग लागण्याची भीती असते. कोरडी जमीन आणि खाली पसरलेला पाचट-भुसा यांनी जेवढी ऊब मिळते, तेवढी पुरेशी असते.

ऊसतोडीच्या हंगामात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) स्वस्त मिळतात म्हणून गाईंना महिनोन्महिने नुसतेच वाढे घातले जातात. वाढ्यांत ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते आणि ते शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. गाय पोट भरून खाते, पण दूध उतरते, हाडे दिसू लागतात आणि माज लांबतो. वाढे एकूण चाऱ्याच्या थोड्याच भागापुरते ठेवावे, त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि रोज खनिज मिश्रण द्यावे. ज्वारी कापल्यावर फुटलेल्या खोडव्यात शेळ्या सोडणे ही मात्र जिवावर बेतणारी चूक आहे, कारण गुडघाभर उंचीच्या, पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या फुटव्यात विषारी घटक सर्वांत जास्त असतो. शेळी तासाभरात आडवी होऊ शकते आणि पशुवैद्यक पोचेपर्यंत वेळ हातची गेलेली असते.

कोंबड्यांची अंडी डिसेंबरात कमी होतात, तेव्हा खाद्य बदलण्याची घाई होते. या दिवसांत उजेड जेमतेम अकरा तासांचा असतो आणि कोंबडी उजेडाच्या तासांवर अंडी देते. खाद्याचा दोष क्वचितच असतो. पहाटे दिवा लावून उजेड चौदा ते सोळा तासांपर्यंत नेता येतो, पण तो रोज ठरल्या वेळी लावावा लागतो. दहा-बारा गावरान कोंबड्यांसाठी एवढे करण्यापेक्षा त्यांना पिसे टाकून विसावा घेऊ द्यावा, असे माझे मत आहे. पिल्ले असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी असते. दिव्याखाली एकावर एक चढलेली पिल्ले थंडीने, तर कडेला भिंतीशी पांगलेली पिल्ले उष्णतेने हैराण झालेली असतात.

कडबा, झाडे आणि बियाणे

दोन गाईंना रोज सहा-सहा किलो कोरडा चारा धरला, तर मार्चपासून जुलैअखेरपर्यंतच्या १५० दिवसांना १,८०० किलो लागतात. शाळू (रब्बी ज्वारी) निघताच, हातात रोख हवी म्हणून, निम्मा कडबा वावरातच विकणारे घर जूनमध्ये तोच कडबा चढ्या भावाने विकत घेते. पेंढ्या मोजून, गरज बाजूला ठेवून, उरलेलाच विकावा. कापलेल्या ज्वारीची बुचाडे (पेंढ्यांचे उभे ढीग) वावरात फार दिवस उभी ठेवू नयेत. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात राज्यभर झालेल्या गारपिटीने कणसे आणि कडबा दोन्ही कसे काळे पाडले, हे पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. गंजी उंचवट्यावर, खाली दगड-लाकडे टाकून रचावी आणि वरून शाकारून घ्यावी.

आंब्याला मोहर दिसताच पाणी सुरू करू नये. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर द्यावे. तुडतुड्यांसाठी कीटकनाशक मारायचेच असेल तर मोहर उमलण्यापूर्वी मारावे, कारण पूर्ण फुललेल्या मोहरावर फवारल्यास फळधारणा घडवणाऱ्या माश्याच मरतात. लिंबाला ताण दिलेला (बहरासाठी पाणी तोडलेले) असेल, तर तो मोडताना एकदम आळे तुडुंब भरू नये. आधी हलकी आंबवणी (पहिले पाणी), मग आठवड्याने चिंबवणी (दुसरे पाणी) आणि त्यानंतर नेहमीचे पाणी, असा क्रम ठेवावा.

खरिपासाठी घरचे सोयाबीन राखून ठेवले असेल, तर त्याची उगवण जूनमध्ये पेरणीच्या आदल्या दिवशी तपासण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये एकदा ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेत मांडून, गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि सहा-सात दिवसांनी धड कोंब आलेले मोजावेत. सत्तरच्या खाली भरले, तर दुसरे बियाणे शोधायला अजून अडीच-तीन महिने हाताशी असतात. मे महिन्यात हीच तपासणी पुन्हा करावी.

शेणखताच्या बाबतीत सर्रास दिसणारी चूक अशी की, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर मोकळा आहे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच खताचे लहान लहान ढीग वावरभर टाकून ठेवले जातात. तीन महिने उन्हात तापून त्यातील नत्र उडून जाते आणि जूनमध्ये मातीत मिसळतो तो बराचसा निःसत्त्व चोथा असतो. हिवाळ्यात उकिरडा एकदा वर-खाली करावा, कोरडा असल्यास पाणी मारावे आणि पाचटाने झाकून ठेवावा. अर्धवट कुजलेले खत वावरात गेले तर हुमणीचा (मुळे खाणाऱ्या अळीचा) त्रास वाढतो. खत मे महिन्याच्या अखेरीस न्यावे आणि त्याच दिवशी पसरून वखराने मिसळावे. नांगरट मात्र उलट लवकर उरकावी: रब्बी निघाल्यावर जमिनीत थोडी ओल असतानाच, शक्यतो गुढीपाडव्याच्या आत. मे महिन्यात दगडासारख्या ढेकळांत ट्रॅक्टर घातला तर डिझेल जास्त जळते आणि ती ढेकळे फोडण्यासाठी पहिल्या पावसाची वाट पाहावी लागते.