कॉलेजचा शूटिंग गार्ड एनबीएत टिकेल का? ड्राफ्टआधी पारख कशी करावी

२०११ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा, दहाव्या क्रमांकावर जिमर फ्रेडेटचं नाव पुकारलं गेलं आणि अकराव्यावर क्ले थॉम्पसनचं. फ्रेडेट ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा. त्या हंगामात त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले होते, अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांत सर्वाधिक. वॉशिंग्टन स्टेटच्या थॉम्पसनचे २१.६. थ्री-पॉइंटरची, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या तीन गुणांच्या शॉटची, टक्केवारी दोघांचीही चाळिसाला टेकलेली. पुढे थॉम्पसनने गोल्डन स्टेटकडून चार विजेतेपदं जिंकली आणि फ्रेडेट काही वर्षांत शांघायला जाऊन खेळू लागला. गंमत अशी, की फ्रेडेटचा नेम एनबीएत बिघडला नव्हता. तिथेही त्याचे थ्री ३७ टक्क्यांच्या आसपास पडतच होते. नेम त्याच्यासोबत गेला, बाकीचं बरंच मागे राहिलं.

कॉलेजच्या शूटिंग गार्डची, म्हणजे मुख्यतः बाहेरून शॉट टाकणाऱ्या गड्याची, पारख करायची म्हणजे हेच शोधायचं: आज जे दिसतंय, त्यातलं काय त्याच्यासोबत पुढच्या मैदानावर जाईल आणि काय इथेच राहील. घरी बसून, वही-पेन घेऊन हे करता येतं. मी कसं करतो ते सांगतो.

१. गुणांचा रकाना झाका

आधी आकडेवारीतला सामन्यामागचे गुण हा रकाना बोटाने झाकून टाका. खेळाडूला किती शॉट घ्यायला मिळाले, हेच तो रकाना मुख्यतः सांगतो. आणि ते ठरवतो प्रशिक्षक.

डेव्हिन बुकर २०१४-१५ मध्ये केंटकीकडून खेळला तेव्हा त्या संघात इतके गुणवान खेळाडू होते, की प्रशिक्षक जॉन कॅलिपारी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आलटून-पालटून उतरवायचे. बुकर बेंचवरून यायचा आणि सामन्यामागे १० गुण करायचा. संघ ३८ सामने जिंकून एकच हरला. नुसते गुण बघणाऱ्याला तो 'बरा शूटर' वाटला असता. तेराव्या क्रमांकावर फिनिक्सने त्याला घेतलं आणि दोन वर्षांत, मार्च २०१७ मध्ये, त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले.

२. पाच पूर्ण सामने निवडा

दोन मिनिटांच्या क्लिपा बघून मत बनवू नका. क्लिपेत प्रत्येक शॉट पडतो. पूर्ण सामने बघा, आणि तेही वेगवेगळ्या जातीचे: नोव्हेंबरातला एखाद्या दुबळ्या संघाविरुद्धचा एक, कॉन्फरन्समधले, म्हणजे आपल्याच गटातल्या संघांविरुद्ध, बाहेरगावी खेळलेले दोन, मार्चच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतला एक, आणि ज्यात त्याचं काहीच जमलं नाही असा एक. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. शॉट पडत नसताना गडी बचावात मान खाली घालतो का, पास द्यायचं विसरतो का, की दुसरं काही काम शोधतो, हे तिथेच कळतं.

पण त्या एका सामन्यावरच निकालही देऊ नका. ओक्लाहोमाचा बडी हिल्ड २०१६ मध्ये सामन्यामागे २५ गुण करत उपांत्य फेरीत पोहोचला आणि व्हिलानोव्हाविरुद्ध ९ गुणांवर अडकला. संघ ९५-५१ असा झोपला. त्यावरून 'मोठ्या सामन्यात कोसळतो' असं लिहिलं असतं, तर पुढची कित्येक वर्षं एनबीएत थ्री टाकणारा हिल्ड तुमच्या वहीत चुकीच्या पानावर राहिला असता.

३. शूटिंग: टक्केवारीच्या मागे जा

शूटिंग गार्डच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते.

साधा हिशेब करा. हंगामात ३४ सामने, सामन्यामागे पाच थ्री, म्हणजे १७० शॉट. त्यातले ६८ पडले तर ४० टक्के आणि ५८ पडले तर ३४ टक्के. चाळीसवाला 'अव्वल शूटर' आणि चौतीसवाला 'बेभरवशाचा', या दोघांत अख्ख्या हंगामात फक्त दहा शॉटचा फरक आहे. तेवढा रिंगवर चेंडू कसा उडाला यानेही पडतो. म्हणून एका हंगामाच्या थ्रीच्या टक्केवारीवर डाव लावू नका. तिच्या जोडीला दोन गोष्टी बघा: फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी, आणि तो थ्री किती वेळा घेतो.

फ्री थ्रोच्या वेळी समोर कोणी नसतं, अंतर कायम १५ फूट, घाई नाही. हाताचं वळण शुद्ध आहे की नाही हे तिथे उघडं पडतं. टायरीस मॅक्सीने २०१९-२० मध्ये केंटकीकडून थ्री फक्त २९.२ टक्के टाकले, फ्री थ्रो मात्र ८३.३ टक्के. २९ वर ज्यांची नजर अडकली, त्यांनी त्याला एकविसाव्या क्रमांकापर्यंत घरंगळू दिलं. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात फिलाडेल्फियाकडून तो ४२-४३ टक्के थ्री टाकत होता. टायलर हिरोचंही तेच: कॉलेजात थ्री ३५.५ टक्के, फ्री थ्रो ९३.५. खरा आकडा दुसरा होता.

आता अंतर. कॉलेजची थ्रीची रेषा २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, एनबीएची मधोमध २३ फूट ९ इंचांवर. कोपऱ्यात एनबीएची रेषाही २२ फुटांवरच येते, त्यामुळे तिथे फरक जेमतेम काही इंचांचा. म्हणजे पोरगा कोपऱ्यातून टाकतो त्याची काळजी नाही. समोरून आणि तिरक्या बाजूंनी तो रेषेला अंगठा लावून उभा राहतो की दीड-दोन फूट मागून निवांत टाकतो, ते बघा. मागून टाकताना चेंडू कमरेखालून उचलावा लागत असेल, तर एनबीएत तो शॉट हातातून सुटायच्या आत समोरचा येऊन ठेपलेला असेल.

वहीत प्रत्येक थ्रीपुढे एक खूण करा: उभ्या-उभ्या पास झेलून घेतला, स्क्रीनमागून (साथीदाराने समोरच्याची वाट अडवून केलेल्या आडोशामागून) धावत येऊन घेतला, की स्वतःच्या ड्रिबलवरून, म्हणजे चेंडू टप्पवत येऊन, घेतला. तिन्ही प्रकारचे पाच सामन्यांत पुरेसे दिसले, तर मोठी गोष्ट. हुकलेले शॉटही बघा. आखूड पडणाऱ्याचं बहुतेक पाय दमल्याने होतं, ते सुधारतं. डावी-उजवीकडे जाणाऱ्याचं मात्र कोपरापासून काहीतरी वाकडं असतं.

४. चेंडू हातात नसताना

एनबीएत गेल्यावर शंभरातल्या नव्वद पोरांच्या हातातून चेंडू काढून घेतला जातो. संघात आधीच एक-दोन तारे असतात, चेंडू त्यांच्याकडे. कॉलेजचा राजा तिथे कोपऱ्यात उभा. फ्रेडेटची खरी अडचण इथे होती. त्याचा सगळा खेळ चेंडू हातात असताना फुलायचा.

थॉम्पसन याच्या अगदी उलट. ५ डिसेंबर २०१६ ला इंडियानाविरुद्ध त्याने २९ मिनिटांत ६० गुण केले, आणि त्यासाठी अख्ख्या सामन्यात फक्त ११ वेळा चेंडू टप्पवला. मला तर ते ६० गुण बुकरच्या सत्तरपेक्षा जास्त थोर वाटतात, पण तो वाद पुन्हा कधीतरी.

तेव्हा सामन्याची दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. डोळे फक्त तुमच्या पोरावर. तो सतत जागा बदलतो का? समोरच्याची मान चेंडूकडे वळली, की लगेच पाठीमागून रिंगकडे कापतो का? स्क्रीनला खांदा घासून जातो, की दोन हात लांबून? पास येण्याआधी पाय तयार असतात का? कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे हे बघणं जिकिरीचं आहे. रिवाइंड करून बघा.

५. उंचीपेक्षा हात मोजा

मे महिन्यात शिकागोला ड्राफ्ट कंबाइन भरतं. तिथे उंची, हातांचा पसारा, उडी, धाव सगळं मोजलं जातं. कॉलेजच्या माहितीपत्रकातली उंची विसरा. ती बुटांसकट आणि थोडी प्रेमाने लिहिलेली असते. डोनोव्हन मिचेल बुटांसह जेमतेम ६ फूट ३ इंच भरला, म्हणजे शूटिंग गार्डसाठी बुटका. पण हातांचा पसारा ६ फूट १० इंच. बचावात आणि रिंगजवळ तो त्या हातांच्या मापाने खेळतो.

६. ड्रिबल आणि पास

इथे एका गोष्टीची समज हवी. कॉलेजात बचाव करणारा उंच खेळाडू रिंगखाली हवा तितका वेळ तळ ठोकून उभा राहू शकतो. एनबीएत समोर कोणाला न धरता तो तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला, तर दंड होतो. त्यामुळे कॉलेजची रिंग म्हणजे गर्दीच्या वेळची लोकल. त्या गर्दीतून वारंवार आत घुसून, धक्का खाऊन फ्री थ्रो मिळवणारा गार्ड पुढे मोकळ्या मैदानात अजून खुलतो. उलट आत जातच नाही, नुसता बाहेरून टाकतो, त्याने शूटिंगमध्ये फारच वरचं असायला हवं.

असिस्टची (साथीदाराने ज्यावर गुण केले अशा पासची) संख्या टर्नओव्हरशी (चेंडू गमावण्याशी) ताडून बघा. गार्डने खेळ आखणाऱ्या पॉइंट गार्डसारखे पास दिले नाहीत तरी चालेल. पण दोन जण अंगावर आले, की मोकळा साथीदार दिसला पाहिजे. डेझमंड बेनने टेक्सास ख्रिश्चनमध्ये चौथ्या वर्षी सामन्यामागे चारेक असिस्ट दिले होते. त्याला नुसता शूटर समजणाऱ्यांनी तो आकडा वाचलाच नाही.

७. बचाव: पाय आणि झोन

आधी संघ कोणत्या पद्धतीने बचाव करतो ते पाहा. जिम बोहाइम यांच्या काळात सिरॅक्यूज विद्यापीठ वर्षानुवर्षं २-३ झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा सांभाळणारा बचाव, खेळलं. अशा संघातला गार्ड एकास एक कसा अडवतो हे कळायला मार्गच नसतो. तिथे कंबाइनमधले किंवा उन्हाळ्यातले सामने शोधावे लागतात.

माणसाला माणूस धरणारा संघ असेल, तर दोन प्रसंग टिपा. स्क्रीन आली की तो तिला चिकटून वाट काढतो, की तिथेच मरतो? आणि कोपऱ्यातल्या शूटरकडे धावत जाऊन वेळेत ब्रेक लावतो, की बाजूने वाहून जातो? स्टीलच्या, म्हणजे चेंडू हिसकावण्याच्या, आकड्यावर फार भाळू नका, कारण हात मारत फिरणारे गार्डही स्टील करतात आणि मागे दार उघडं टाकून जातात.

८. वय आणि पुढचं घर

बुकर ड्राफ्टच्या रात्री १८ वर्षांचा होता, फ्रेडेट २२ चा. बावीस वर्षांचा जेव्हा अठरा-एकोणीसच्या पोरांवर गाजवतो, तेव्हा त्यातला थोडा भाग नुसत्या अंगाच्या जोराचा असतो. म्हणून तरुणाला थोडं झुकतं माप द्यायचं. थोडंच.

आणि त्याला घेणारा संघ कोणता? मधल्या फळीत जागाच नसल्यावर काय होतं, हे अमोल मुजुमदारची कारकीर्द पाहिलेल्या मुंबईकराला सांगायला नको. थॉम्पसनच्या पहिल्याच हंगामात, मार्च २०१२ मध्ये, गोल्डन स्टेटने त्याच जागी खेळणाऱ्या माँटा एलिसला मिलवॉकीला पाठवलं आणि थॉम्पसनसाठी जागा मोकळी झाली. फ्रेडेट सॅक्रामेंटोला गेला. त्याच ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर सॅक्रामेंटोनेच आयझेया थॉमस नावाचा एक ५ फूट ९ इंचांचा गार्ड घेतला होता. फ्रेडेटची मिनिटं त्यानेच खाल्ली.

९. एक पान लिहा, तारीख घाला

आता पाच सामन्यांच्या खुणा एका पानावर आणा. 'पुढचा अमुक' असं लिहू नका. काम लिहा: पहिल्या वर्षी वीस मिनिटं मिळाली, तर हा नेमकं काय करील? बेंचवरून येऊन थ्री टाकील, की समोरच्या गार्डला धरील? त्याखाली, सगळं जुळलं तर चौथ्या वर्षी तो कुठे असेल, ते लिहा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पहिली दोन वर्षं करार पक्का असतो, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. त्यामुळे चार वर्षांचा अंदाज रास्त आहे. पानावर ड्राफ्टच्या आधीची तारीख घाला आणि नंतर त्यात खाडाखोड करू नका.

माझ्या २०२० च्या वहीत बेनच्या नावापुढे लिहिलंय: 'बावीस वर्षं, हात उंचीपेक्षा आखूड, दुसरी फेरी.' तो पहिल्या फेरीत तिसावा गेला आणि दुसऱ्याच हंगामात मेम्फिसकडून सामन्यामागे १८ गुण करू लागला. ते पान अजून तसंच आहे. त्याच पानावर कोपऱ्यात त्याच्या थ्रीच्या खुणा आहेत, तिन्ही प्रकारच्या, भरपूर. केल्या मीच होत्या, बेरीज केली नव्हती.