नागपूरच्या उन्हासाठी टोपी कशी निवडावी

उन्हाळ्यात टोपी पांढरीच घ्या, हा सल्ला मी वीस वर्षं ऐकतोय. तो अर्धवट आहे, आणि बेसा-मनीषनगरच्या लेआऊटमध्ये भर मे महिन्यात प्लॉट मोजताना तो मला महागात पडला.

आकाराचं फार बोलायला नको. काठ चारही बाजूंनी हवा, किमान साडेसात सेंटिमीटर. पुढेच छज्जा असलेली कॅप उन्हाच्या कामाची नाही. कान आणि मान उघडी राहते.

खरी गोम कापडात आहे. मी बरीच वर्षं पातळ, पांढरी सुती टोपी घालायचो. हलकी, हवा खेळती. एका नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, संध्याकाळी घरी येऊन केस विंचरायला गेलो, तर भांगावर कंगवा टेकवता येईना. भांगाची रेघ लालबुंद. चार दिवसांनी तिथून पापुद्रे निघाले. टोपी तर दिवसभर डोक्यावरच होती! मग ती खिडकीशी धरली. कापडातून अंगणातला कडुनिंब दिसत होता.

उन्हाचे मार दोन. एक उष्णतेचा, दुसरा कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांचा. पांढरा रंग उष्णता परतवतो, म्हणून डोकं कमी तापतं. पण विरळ पांढऱ्या सुतातून अतिनील किरणं बरीचशी आत उतरतात. गडद रंग ती शोषून घेतो. त्यामुळे एकाच विणीची दोन कापडं घेतली, तर गर्द निळं कापड कातडी जास्त वाचवतं. मात्र तापतंही जास्त. कापड अतिनील किरणं किती अडवतं, त्याचा आकडा म्हणजे यूपीएफ. कापडावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल, तर त्यातून अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत जातो. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ ५ ते ७ च्या आसपास असतो.

म्हणून दुकानात आधी वीण बघा, रंग मागाहून. टोपी दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडासमोर धरा. उजेडाचे ठिपके दिसले तर परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. जाळीदार माथ्याची टोपी तर घेऊच नका. हवेसाठी भोकं हवीत ती बाजूला. वीण घट्ट असेल तर वरून पांढरा, बदामी, फिका खाकी, कुठलाही फिका रंग चालतो.

काठाची खालची बाजू मात्र गडदच हवी. हे कोणी सांगत नाही, आणि आपल्याकडे याचीच जास्त गरज आहे. शहरभर सिमेंटचे रस्ते झालेत. सिमेंटवर पडलेल्या अतिनील किरणांचा साधारण दहावा भाग उलटून वर येतो. काठ आतून पांढरा असेल, तर ही उलटलेली किरणं आणि चकाकी पुन्हा तोंडावर येते. गर्द निळा किंवा बाटली हिरवा रंग ती तिथेच शोषतो, डोळेही कमी दिपतात. आवडलेल्या टोपीचा काठ आतून पांढरा निघाला, तर शिंप्याकडून गर्द पॉपलिनची पट्टी लावून घ्या. माझ्या टोपीला तशीच आहे.

दुपट्टा सोडू नका. २६ मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर असतो, तेव्हा काठ पुरतो. सकाळी नऊला आणि दुपारी चारला ऊन तिरपं येऊन थेट कानाला, गालाला लागतं. दुपट्टा ओला करून बांधलात तर गार वाटेल, पण ओल्या पांढऱ्या सुतातून किरणं आणखी आत येतात. ओला करायचाच तर दुहेरी घडी करून बांधा.

नवी सुती टोपी वापरण्याआधी एकदा धुवा; आकसून वीण घट्ट होते. पुढे घासून घासून कापड झिजतं, तेव्हा दर होळीनंतर ती खिडकीशी धरून बघा. पलीकडचं झाड दिसायला लागलं, की नवी आणा.