नवा पक्ष काढताय? निदान या चुका तरी टाळा

दर निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी नवा पक्ष काढतं. झेंडा तयार, गाणं तयार, आणि आयोगाच्या कागदांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते वकीलसाहेब बघतायत". तिथेच कळतं पुढे काय होणार.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते निशाणीवरून. नवा पक्ष नुसता नोंदणीकृत असतो, मान्यताप्राप्त नसतो, म्हणजे हक्काची निशाणी नाही. सगळ्या उमेदवारांना एकच निशाणी हवी तर मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो आणि विधानसभेच्या किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात, आपल्याकडे २८८ पैकी पंधराएक. आमच्या भागातल्या एका पक्षाचे अध्यक्ष म्हणाले आधी हवा करू, अर्जाचं नंतर बघू. झालं, एका मतदारसंघात शिट्टी मिळाली, शेजारच्यात कपाट, आणि आठवडी बाजारात दोन्हीकडची माणसं येतात, तर एकाच झेंड्याच्या दोन गाड्या भोंग्यावर वेगवेगळं बटण दाबायला सांगतायत. एक आजी म्हणाल्या, "आधी तुमच्यात ठरवा, मग या." बरं हे फक्त नवख्यांचंच होतं असं नाही. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाची निशाणी तुतारी वाजवणारा माणूस, आणि नुसती पिपाणी घेतलेल्या अपक्षाला ३७ हजार मतं, पवारांचा उमेदवार पडला साधारण ३२ हजारांनी. म्हणून मी यादीतल्या इतरांच्या निशाण्या आधी बघतो, आपली नंतर.

दुसरी खोड, सगळीकडे उमेदवार उभे करायची. २०१३ ला आम आदमी पक्षाला दिल्लीत ७० पैकी २८ जागा मिळाल्या, आणि काही महिन्यांत लोकसभेला देशभर चारशेच्या वर उमेदवार. आले किती? ४, तेही सगळे पंजाबातून. परत दिल्लीवर लक्ष दिलं तर २०१५ ला थेट ६७. आपल्याकडे जो जास्त मतं घेतो तो जिंकतो, बाकीच्यांची मतं वाया, त्यामुळे राज्यभर पाच-सहा टक्के पसरलेली मतं म्हणजे हातात काहीच नाही. मनसेचे २००९ ला १३ आमदार होते, २०१४ ला १. सभा तेव्हाही भरत होत्या. माझी सवय अशी की बूथवार वही करायची, आणि ज्या बूथवर संध्याकाळपर्यंत बसणारा माणूस नाही त्या गावात सभा लावायची नाही. तरुण पोरांना हे बोअर वाटतं, त्यांना रील हवी असते.

बाकी किरकोळ. मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला १० सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे, लागतात, दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार, मेहुण्याचा मित्र चालत नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नाही पडली की अनामत गेली.

नोंदणीचा अर्ज पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांत, म्हणून मुहूर्त काढायच्या आधी १०० मतदार सदस्यांची कागदपत्रं गोळा करा. आणि नाव नोंदवून गप्प बसायचं असेल तर काढूच नका, सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ पक्षांना आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढलंय.