चंद्राचा फोटो काढायचा तर पौर्णिमा सोडा, अष्टमी धरा

कोजागरीला इंदूरच्या गच्च्यांवर दूध आटत असतं, सगळ्यांचे मोबाइल चंद्राकडे वळलेले असतात आणि फोटोत येतो तो पांढरा ठिपका. मोबाइल त्या भगभगीत प्रकाशाचा अंदाज चुकतो हे खरंच. पण चांगल्या कॅमेऱ्यानेही पौर्णिमेचा चंद्र सपाटच दिसतो, कारण त्या रात्री ऊन त्याच्यावर समोरून पडतं आणि विवरांच्या सावल्याच उरत नाहीत.

म्हणून आधी तिथी निवडा. शुक्ल सप्तमी ते दशमी हे दिवस उत्तम. त्यातही फाल्गुन-चैत्रातली अष्टमी माळव्यात सोडू नये. आकाश बहुधा निरभ्र असतं आणि सूर्यास्ताच्या सुमारास चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे मधे हवेचा थर कमीत कमी. गाडी काढून शहराबाहेर जायची गरज नाही. चंद्र इतका तेजस्वी असतो की शहरातल्या रामबागेच्या वस्तीतल्या दिव्यांनी त्याचं काही बिघडत नाही.

बिघडवते ती हवा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडू लागतो आणि चंद्र वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या खड्यासारखा हलताना दिसतो. त्यामुळे साडेआठपर्यंत थांबा. चंद्र तेव्हाही पुरेसा उंच असतो. शेजारचे पत्रे किंवा एसीचं युनिट चंद्राच्या दिशेला येणार नाही अशी जागा धरा.

लेन्स निदान 300 मिलिमीटरची हवी. सेन्सरवर चंद्राचा व्यास साधारण फोकल लेंग्थच्या एकशेदहाव्या भागाइतका येतो, म्हणजे 300 ला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. मजबूत ट्रायपॉड लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, दोन सेकंदांचा टायमर ठेवा. मोड मॅन्युअल, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ. अष्टमीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200, लेन्सचं छिद्र एफ 8, शटर 1/100 सेकंद इथून सुरुवात करा. पौर्णिमेला तेच शटर 1/400 च्या आसपास जाईल. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकता कामा नये.

फोकसवर मात्र वेळ घालवा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र, दहापट मोठं करा आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एखादं विवर पकडा. अष्टमी-नवमीला तिथे टॉलेमेअस, अल्फॉन्सस आणि आर्झाशेल ही तिन्ही एका रांगेत असतात. कॅमेरा दुर्बिणीला जोडला असेल तर कधी कधी आर्झाशेलचा तळ काळोखात आणि मधल्या शिखराच्या टोकाला मात्र ऊन लागलेलं दिसतं. विवराची कड किंवा ते टोक रेखीव होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा.

मग एकावर समाधान मानू नका, लागोपाठ शंभरेक फ्रेम घ्या. हवा क्षणभर स्थिर होते, पुन्हा हलते. त्या स्थिर क्षणांच्या फ्रेम आपल्याला हव्या असतात.

पुढचं काम संगणकावर. पिप (PIPP), ऑटोस्टॅकर्ट (AutoStakkert) आणि रजिस्टॅक्स (RegiStax) ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पिपमध्ये चंद्र मध्यावर आणून फ्रेम कातरून घ्या आणि टिफ फाइल म्हणून साठवा. ऑटोस्टॅकर्ट त्यांची प्रतवारी लावतो. वरच्या वीस-तीस टक्केच एकत्र करा. पंचवीस फ्रेम जुळल्या की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, साधारण पाचव्या हिश्शावर येतो आणि धार काढायला वाव मिळतो. ती धार रजिस्टॅक्सच्या वेव्हलेट नावाच्या स्लायडरनी काढायची, पण हात आखडता ठेवून. चंद्राच्या कडेला पांढरी किनार उमटली की समजा जास्त झालं, स्लायडर मागे घ्या.

पौर्णिमेचाही एक उपयोग आहे: रंग. अशाच जुळवलेल्या फोटोत गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) थोडं थोडं, चार-पाच वेळा वाढवा. 1969 मध्ये अपोलो 11 जिथे उतरलं तो शांतिसागर, म्हणजे चंद्रावरचं काळसर मैदान, टायटॅनियममुळे निळसर दिसू लागतो आणि त्याला लागूनचा मेअर सेरेनिटाटिस हा दुसरा ‘सागर’ तपकिरी.