प्रिंट केलेली कवळी का तुटते? लॅबमधल्या या चुका टाळा

वरची कवळी तुटून परत आली की मी आधी तिची पुढची खाच बघतो. ओठाच्या आतल्या पडद्यासाठी सोडलेली ही खाच टोकदार राहिली असेल, तर तडा बहुधा तिथूनच निघून टाळूवरून मागे गेलेला असतो. फ्लास्कमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, शिजवलेल्या ॲक्रिलिकलाही हे चुकलेलं नाही. खाच गोल आणि गुळगुळीत ठेवा.

आयएसओ २०७९५-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हीट-क्युअर, म्हणजे उष्णतेने घट्ट केलेल्या, कवळीच्या मटेरियलने वाकवताना किमान ६५ मेगापास्कल ताण सोसायला हवा. प्रिंटिंग रेझिनच्या, म्हणजे प्रिंटरमधल्या द्रव प्लास्टिकच्या, माहितीपत्रकावरही असा आकडा असतो आणि तो वाचून आपण निर्धास्त होतो. पण तो नीट धुतलेल्या, पूर्ण क्युअर केलेल्या पट्टीचा असतो. घाईत काढलेल्या कवळीला तो लागू नाही.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती पोस्ट-क्युअरिंगमधली, म्हणजे प्रिंटनंतर धुऊन पूर्ण घट्ट करण्यातली, कसूर. प्रिंटरमधून निघालेली कवळी अर्धीकच्चीच असते. ती धुवायचं अल्कोहोल जुनं, गढूळ झालेलं असेल तर पृष्ठभागावर रेझिनचा थर राहतो. त्यात फार वेळ बुडवून ठेवली तर अल्कोहोलच आत मुरतं. म्हणून सांगितला तेवढाच वेळ धुवा, पूर्ण वाळवा, आणि त्या रेझिनसाठी ठरवलेल्या वेळेला व तापमानालाच क्युअर करा. बोटाला चिकट लागली तर ती पेशंटकडे जाऊ देऊ नका. तिची ताकद कमी असतेच, शिवाय घट्ट न होता उरलेला मोनोमर (मूळ कच्चा द्रव) हिरड्यांना त्रास देतो.

रेझिन वाचवायला प्रिंटचा कोन बदलू नका. कोन बदलला की थरांची दिशा बदलते, आणि दोन थरांमधला जोड हीच कच्ची जागा.

हीट-क्युअरमध्ये घाई वेगळ्या रीतीने नडते. ॲक्रिलिकचा मोनोमर साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतो. फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात टाकला, की जाड भागात आतल्या आत बुडबुडे धरतात. ७४ अंशांवर दोन तास, मग १०० वर एक तास, हा जुना हिशेब मोडू नका.

दुरुस्तीतही फरक आहे. जुन्या ॲक्रिलिकमध्ये मोनोमर शिरतो, ते फुगवतो आणि नवा भाग धरून बसतो. प्रिंट केलेलं रेझिन जाळीदार बांधणीचं, त्यात तो फारसा शिरत नाही. नुसतं सेल्फ-क्युअर (उष्णतेशिवाय आपोआप घट्ट होणारं ॲक्रिलिक) लावलं तर तोच सांधा पुन्हा सुटतो. आधी कडा घासून खरखरीत करा आणि त्या रेझिनसाठीच दिलेलं बॉन्डिंग वापरा.